जीन्सचा रिपोर्ट यायच्या आधी इम्युनो सुरू करायची का?

फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल यावेळी बरीच पत्रं आली, त्यातली तीन इथे घेतलीत. नावंगावं काढून टाकली आहेत. इम्युनो म्हणजे इम्युनोथेरपी, आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशींना कॅन्सरवर सोडणारं औषध. उत्तरं आमचे नेहमीचे कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टर देतायत.

प्रश्न १

डॉक्टर, नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेत. विडी ओढायचे, सोडून बरीच वर्षं झाली. दिवाळीपासून खोकला होता, तालुक्याला टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या, दोन महिने घेऊनपण फरक नाही, मग छातीत पाणी झालं, ते काढून तपासलं तर अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. पेट स्कॅनमध्ये हाडात आणि लिव्हरमध्येपण दिसतंय, म्हणजे चौथी स्टेज. तुकडा काढून मुंबईला पाठवलाय, त्यातला पीडी-एल१ चा (इम्युनो लागू पडेल का ते बघायची तपासणी) रिपोर्ट ६० टक्के आलाय, बाकी ईजीएफआर वगैरे जीन्सचा यायला अजून दहा-बारा दिवस लागतील म्हणे. डॉक्टर म्हणतात केमो आणि इम्युनोथेरपी दोन्ही एकत्र देऊ, पुढच्याच आठवड्यात सुरू करू. इम्युनोचा एकेक डोस लाखांच्या घरात आणि तो दर तीन आठवड्यांनी. भाऊ म्हणतो एक एकर काढू विकायला. बाबांना आम्ही छातीत गाठ आहे एवढंच सांगितलंय, तर काल जेवताना म्हणाले, 'छाती माझी आणि मलाच कोण काय सांगत नाही.' नुसती केमो दिली तर आम्ही कुठे कमी पडलो असं होईल का? इम्युनो एकटीच दिली तर? काहीच सुचत नाहीये.

उत्तर

ताई, तुम्ही बरंच काही विचारलंय पण जमीन, केमो, इम्युनो हे सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे तो दहा-बारा दिवसांनी येणारा रिपोर्ट आहे. तो हातात येईपर्यंत इम्युनोचा डोस देऊ नये आणि जमिनीचा व्यवहार तर अजिबात करू नये, हे माझं स्पष्ट मत.

कारण सांगतो. आपल्याकडे फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात साधारण चारातल्या एका पेशंटला ईजीएफआर जीनमधला बदल सापडतो, शंभरातल्या थोड्या जणांना एएलके, एखाद-दुसऱ्याला रॉस१. हे बदल असले तर त्यांच्यावर नेमक्या लागू पडणाऱ्या गोळ्या आहेत, घरी राहून घ्यायच्या, आणि इम्युनो मात्र ईजीएफआर-एएलकेवाल्यांना फारशी लागू पडत नाही, मग पीडी-एल१ ६० येवो नाहीतर ८०. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत हे बदल कमी सापडतात हे खरं, पण सापडतच नाहीत असं नाही. आणि घाईत इम्युनो देऊन बसलो, मागून ईजीएफआर पॉझिटिव्ह निघालं आणि लगेच ऑसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी सुरू करावी लागली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, कारण इम्युनोचा परिणाम शेवटच्या डोसनंतरही कित्येक आठवडे अंगात राहतो. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर जे औषध खरं उपयोगाचं होतं तेच देताना हात आखडता घ्यावा लागला.

मग तोवर बाबांना तसंच ठेवायचं का, तर नाही. दम लागतोय, पाणी परत भरतंय, वजन उतरतंय अशी स्थिती असेल तर पहिला डोस नुसत्या केमोचा देता येतो, पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन, आणि दुसऱ्या डोसची तारीख येईपर्यंत रिपोर्ट आलेला असतो, तो निगेटिव्ह असला तर तिथून इम्युनो जोडायची. आम्ही बरेच जण असंच करतो. तुमच्या डॉक्टरांना हे सरळ विचारा, 'पहिला डोस फक्त केमोचा चालेल का', यात त्यांना राग येण्यासारखं काही नाही. पेमेट्रेक्सेड ठरलं तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन साधारण आठवडाभर आधी सुरू करायचं असतं, त्यामुळे ते आजच विचारून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी तारीख पुढे जाते. आणि हाड दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून देऊ नका, किडनीवर ताण येतो आणि हे केमो किडनीतूनच बाहेर पडतं.

अजून एक. कधीकधी दोन आठवडे वाट बघून रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की तुकडा अपुरा आहे. असं झालं तर छातीतलं जे पाणी काढलं होतं त्याचा सेल ब्लॉक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबमध्ये अजून असण्याची शक्यता असते, फोन करून विचारा, मेणाचा छोटा ठोकळा असतो, त्याच्यावरही जीन्सची तपासणी होऊ शकते. रक्तावरूनही ही तपासणी होते. त्यात बदल सापडला तर त्यावर विश्वास ठेवून औषध सुरू करता येतं, पण नाही सापडला म्हणजे नाहीच असं धरता येत नाही, मग परत तुकडा काढावा लागतो. मुंबईला दाखवायला जाणार असाल तर फाईलसोबत स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घेऊन जा, नुसती रिपोर्टची झेरॉक्स चालत नाही.

आता समजा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ईजीएफआर नाही, एएलके नाही, रॉस१ नाही. मग मात्र पीडी-एल१ ६० टक्के ही चांगली गोष्ट आहे. आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो, कॅन्सरची पेशी तिच्या अंगावरच्या पीडी-एल१ ने तो दाबून धरते आणि सुटते, इम्युनोचं औषध तो ब्रेक सोडवतं. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकू होंजो आणि तशाच दुसऱ्या एका ब्रेकवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. तुमच्या रिपोर्टवर टीपीएस असं लिहून पुढे ६० टक्के असेल, म्हणजे शंभर कॅन्सर पेशींपैकी ६० पेशींवर हा पीडी-एल१ दिसला. ५० च्या वर असेल तर इम्युनो एकटीसुद्धा देता येते. कीनोट-०२४ नावाच्या अभ्यासात अशाच ५० च्या वरच्या ३०५ पेशंटपैकी निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोचं औषध एकटं दिलं आणि निम्म्यांना केमो, पाच वर्षांनी इम्युनोवाल्यांतले शंभरात साधारण ३२ हयात होते आणि केमोवाल्यांतले १६, आणि त्या केमोवाल्यांतल्याही बऱ्याच जणांना नंतर इम्युनो मिळालेली होती. चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं ही भाषाच आधी नव्हती, म्हणून या आकड्याचं मोल मोठं. पण उरलेल्या ६८ जणांचा विचारही घरात बसून करावा लागतो, जमीन विकायच्या आधी तर नक्कीच. आणि हे सगळे पेशंट हिंडतेफिरते होते, स्वतःचं स्वतः करणारे, त्यांच्यात ईजीएफआर-एएलकेवाले नव्हते.

मग एकटी इम्युनो की दोन्ही? केमो सोबत देण्याचा फायदा असा की इम्युनोला जोर धरायला वेळ लागतो आणि काही जणांचा आजार त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हाताबाहेर जातो, तिथे केमो लवकर काम करतं. लिव्हरमध्ये आहे, छातीत पाणी आहे, दम लागतोय, असं असेल आणि तब्येत झेपणारी असेल तर मी स्वतः दोन्ही देण्याकडे झुकतो, चार डोस झाले की कार्बोप्लॅटिन बंद करून पुढचं हलकं. त्याउलट त्रास कमी असेल, वय-किडनी-शुगर यामुळे केमो झेपेल का अशी शंका असेल तर ६० टक्क्यांवर एकटी इम्युनो हा पूर्ण उपचार आहे, अर्धवट नाही. हा निर्णय त्यांना समोर बसवून, चालवून, किडनीचा रिपोर्ट बघूनच होतो, पत्रावरून मी करणार नाही.

पैशांचं. आधी बाबांचं वजन सांगा डॉक्टरांना. पेम्ब्रोलिझुमॅबचा छापील डोस २०० मिलिग्रॅम आहे पण फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी हे औषध आलं तेव्हा डोस किलोला २ मिलिग्रॅम असाच होता, आणि कॅनडात आजही वजनावर डोस काढायची पद्धत आहे. बाबा ५० किलोचे असतील तर १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन बाटल्यांऐवजी एक. खर्च सरळ निम्मा होतो. कंपन्यांच्या पेशंट असिस्टन्स योजना असतात, काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत, त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने पहिल्या डोसच्या आधी भरायचा असतो, नंतर गेलात तर आधीचे डोस धरत नाहीत असंही होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, केमो त्यात बसते, इम्युनोचं तुमच्या हॉस्पिटलमध्ये काय आहे ते आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरीब पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, तिथल्या सोशल वर्करला भेटा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्ज वेगळा.

आणि एकदम दोन वर्षांचा हिशोब मांडून जमीन काढू नका. अभ्यासात हे औषध जास्तीत जास्त दोन वर्षं दिलं, पण सगळ्यांनाच तेवढं लागत नाही आणि लागू पडत नाही. तीन-चार डोसनंतर स्कॅन होतो, तेवढ्याची सोय होते का बघा, स्कॅनमध्ये गाठी आकसल्या असतील तर पुढचं बोला, वाढल्या असतील तर थांबायचं, हे आधीच घरात ठरवून ठेवा. आणि काहीच जमलं नाही, नुसती केमोच देता आली, तर तुम्ही कमी पडलात असं कुणीही म्हणू नये, मीही म्हणणार नाही. केमो हा खरा उपचार आहे, त्याने माणसं महिनोन्महिने चांगली राहतात, दम कमी होतो, जेवायला लागतात. जमीन विकून मागे आईला काही उरलं नाही तर तो भार बाबांना आज पेलवेल का, हे त्यांनाच विचारायला हवं.

म्हणून बाबांना सांगा. ते विचारतायत! जेवताना म्हणाले ना, मग त्यांना अंदाज आलेलाच आहे. एकदम सगळं ओतायचं नाही, 'बाबा तुम्हाला रिपोर्टबद्दल किती सांगू' असं विचारायचं आणि ते म्हणतील तेवढं सांगायचं. त्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये आत घेऊन जा, बाहेर बाकावर बसवून भावाने आत जायचं हे बंद करा. जमीन त्यांची, छाती त्यांची.

प्रश्न २

आई ५७ वर्षांची, आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, तिला स्टेज ४ फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये ईजीएफआर एक्सॉन १९ डिलीशन लिहिलंय आणि पीडी-एल१ ७० टक्के. डॉक्टरांनी रोज एक गोळी आणि सोबत केमो सांगितली. अमेरिकेतला आत्तेभाऊ म्हणतो पीडी-एल१ इतका जास्त आहे तर इम्युनो का नाही देत, इकडे सगळे तेच घेतात. आम्हाला परवडणार नाही असं समजून डॉक्टर सांगत नाहीयेत का?

उत्तर

नाही हो. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय आणि आत्तेभावाने अर्धा रिपोर्ट वाचलाय. एक्सॉन १९ डिलीशन म्हणजे गोळी उत्तम लागू पडणाऱ्यांपैकी एक बदल, आणि अशा पेशंटला अमेरिकेतही पहिली इम्युनो देत नाहीत, गोळीच देतात. वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तेच, ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल तर ७० टक्के पीडी-एल१ बघून हुरळून जायचं नाही.

गोळीसोबत केमो कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, बऱ्याच जणांना पडतो, गोळी आहे तर सलाईन कशाला लावायचं. यावर एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला, टाटा मेमोरियलमध्ये, ३५० पेशंटवर. निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी आणि निम्म्यांना गोळी अधिक पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही दिलेल्यांत १६ महिने, आणि आयुष्यही वाढलं. जेफिटिनिब जुनी गोळी आहे, आपल्या कंपन्या बनवतात त्यामुळे स्वस्त मिळते, म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, आपल्या पेशंटच्या खिशाला झेपेल अशा औषधांवर केलेला. नंतर ऑसिमर्टिनिबवरही तसाच अभ्यास झाला, अनेक देशांत मिळून, तिथेही गोळीसोबत केमो दिलेले जास्त जगले, मध्यावरचा आकडा, म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पलीकडे जगले तो, साधारण ३८ महिन्यांवरून ४७ महिन्यांवर गेला. फक्त त्रासही वाढतो, रक्तातल्या पेशी कमी होणं, थकवा, उलट्या, हे लपवायचं कारण नाही. आई ५७ ची आहे, बाकी तब्येत धड आहे असं धरलं तर मी हेच सुचवलं असतं. तिला वारंवार हॉस्पिटल नकोच असेल तर एकटी ऑसिमर्टिनिब हाही धरून चालण्यासारखा पर्याय आहे, तिला विचारून ठरवा. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर करून घ्या, ईजीएफआरच्या पेशंटमध्ये तिथे पसरायचं प्रमाण बरंच असतं आणि ऑसिमर्टिनिब मेंदूपर्यंत पोचतं.

दुसरं मत हवं असेल तर बिनधास्त घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या मदतीने 'नव्या' (Navya) ही ऑनलाइन सेवा चालते, रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं, आईला प्रवास नको.

प्रश्न ३

सासूबाई ७६ वर्षांच्या, पुण्यात आमच्याकडे असतात. स्क्वॅमस प्रकारचा कॅन्सर आहे, दोन्ही फुफ्फुसांत. गेला महिनाभर जवळजवळ दिवसभर बेडवरच असतात, बाथरूमलाही धरून न्यावं लागतं. एका हॉस्पिटलमध्ये सांगितलं की केमो झेपणार नाही, घरीच आराम द्या. दुसरीकडे म्हणाले इम्युनो देऊ, तिचे साइड इफेक्ट नसतात, म्हाताऱ्या माणसालाही चालते. यजमान इम्युनोच्या बाजूने आहेत, मला सासूबाईंचे हाल बघवत नाहीत. रात्री दम लागतो आणि छाती दुखते, झोप नाही.

उत्तर

साइड इफेक्ट नसतात हे खरं नाही, आणि हे ऐकून मला वाईट वाटलं. केमोसारखे केस जात नाहीत, उलट्या फारशा नसतात, सलाईन अर्ध्या तासात संपतं, म्हणून बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण ब्रेक सुटलेल्या पेशी कधीकधी स्वतःच्याच अवयवांवर उलटतात. थायरॉइड बिघडतो, तो बरा, गोळीवर निभावतं. पण आतड्याला सूज आली की दिवसात सहा-सात वेळा जुलाब होतात, फुफ्फुसाला सूज आली की खोकला-दम वाढतो, लिव्हर, क्वचित हृदयाला. आणि हे डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा येऊ शकतं. इम्युनो घेणाऱ्या सगळ्यांच्याच घरच्यांना सांगतो, जुलाब लागले तर गल्लीतल्या दवाखान्यातून बंद व्हायची गोळी आणून देऊ नका, दम वाढला तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा, बहुतेक वेळा स्टेरॉइड वेळेवर सुरू केलं की माणूस सावरतो. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, कुठलं औषध, शेवटचा डोस कधी, डॉक्टरांचा नंबर. फॅमिली डॉक्टरलाही कळवून ठेवा.

सासूबाईंबद्दल. इम्युनोचे जे मोठे अभ्यास झाले त्यात दिवसभर बेडवर असणारे पेशंट घेतलेलेच नव्हते, त्यामुळे तिथले आकडे त्यांना लावता येत नाहीत. वय ७६ हा अडसर नाही, ७६ ची हिंडतीफिरती बाई असेल तर मी नक्की विचार करीन. अडसर आहे तो बेडवर असण्याचा. एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या, त्या आजारानेच झोपल्यात की दुसऱ्या कशाने. छातीत पाणी भरलंय का, कॅल्शियम वाढलंय का, सोडियम कमी झालंय का, हिमोग्लोबिन किती आहे. स्क्वॅमसमध्ये कधीकधी कॅल्शियम वाढतं आणि माणूस सुस्त पडतो, सलाईन आणि एका इंजेक्शनने दोन-चार दिवसांत बराच फरक पडू शकतो. त्या उठून बसल्या, फिरायला लागल्या तर उपचाराचा विषय परत काढा. पीडी-एल१ तपासलाय का तेही बघा.

नाही सावरल्या तर इम्युनोवर पैसे घालू नका. 'घरीच आराम द्या' एवढ्यावरही थांबू नका, कारण पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-दम असा त्रास कमी करणारी देखभाल, हाही उपचारच आहे, त्याचे डॉक्टर असतात, टीम असते, पुण्यात घरी येऊन बघणारे मिळतात. २०१० साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या पेशंटना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर दिली, त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं आणि शेवटच्या दिवसांतली आयसीयू-केमोची धावपळ कमी होऊनही ते जास्त जगले, मध्यावर ११.६ महिने, बाकीचे ८.९. यजमानांना हे वाचायला द्या, त्यांना वाटतंय की इम्युनो नाही म्हणजे आईला सोडून दिलं, तसं अजिबात नाहीये.

रात्रीच्या दमाला आणि दुखण्याला आजच काही करता येतं. मॉर्फिन. अगदी छोट्या डोसमध्ये, ते दुखणंही कमी करतं आणि दम लागल्याची घालमेलही. सवय लागेल, लवकर जातील, अशी भीती लोकांना असते, नीट डोसमध्ये दिलं तर तसं होत नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज द्यावं लागतं, कारण मॉर्फिनने पोट घट्ट धरतं, ते विसरलं जातं आणि मग पेशंट मॉर्फिनच नको म्हणतो. २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर हॉस्पिटलांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल असं धरू नका, पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी लागेल. एखाद्या हाडात जास्त दुखत असेल तर एका बैठकीची रेडिएशनही पुरते. रात्री पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसवून झोपवा, टेबल फॅन तोंडावर हलका लावा, खिडकी उघडी ठेवा, याने दम लागल्याची भावना खरंच कमी होते. आणि तुम्ही रात्रभर जागताय ते यजमानांशी वाटून घ्या, एक दिवसाआड.